संकटग्रस्त भागातली शाळा: तंबू उभा राहिल्यानंतरचं काम

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: एका मदतसंस्थेबरोबर तुम्ही युद्ध आणि आपत्तीने होरपळलेल्या भागांत मुलांच्या शिक्षणाचं काम सुरू करणार आहात. आजूबाजूचे सगळे सांगतात की आधी अन्न, पाणी, निवारा. शाळेचं नंतर बघू. हे बरोबर आहे का? अशा ठिकाणी दर्जेदार शिक्षणाची अपेक्षा तरी धरावी का? आणि सुरुवात कुठून करावी? मी वीसेक वर्षं हेच काम करते आहे, छावण्यांत, पूर ओसरलेल्या वस्त्यांत, भूकंपानंतरच्या तात्पुरत्या वर्गांत. उत्तर जरा लांबेल, पण तुम्ही विचारलंय ते एका ओळीत सांगण्यासारखं नाही.

‘आधी पोट, मग पाटी’ असं सांगणारे बहुतेक बाहेरचे असतात. छावणीत नुकत्याच आलेल्या आईबापांना विचारून बघा. तिसऱ्या-चौथ्या दिवशी, अजून ताडपत्री नीट बांधून व्हायची असते तोवर, ‘शाळा कधी सुरू होणार?’ हा प्रश्न येतो. मी तो प्रत्येक ठिकाणी ऐकला आहे. भूक काय असते हे त्यांना सांगायला नको, पण ‘नंतर’ किती लांब जाऊ शकतं हेही त्यांना आपल्यापेक्षा चांगलं कळतं. केनियातली दादाबची छावणी १९९१मध्ये सोमालियातून पळून आलेल्यांसाठी उभी राहिली. ती आजही आहे. तिथे जन्मलेल्या मुलांना आता मुलं झाली आहेत. शाळेचं नंतर बघू असं १९९१मध्ये कोणी ठरवलं असतं, तर ते नंतर कधी उजाडलं असतं?

आणि शाळा बंद ठेवणं म्हणजे फक्त शिकणं लांबणीवर टाकणं नसतं. मूल चार तास वर्गात असतं तेव्हा ते कुठे आहे हे एका मोठ्या माणसाला ठाऊक असतं. वर्ग नसला की त्या चार तासांवर मजुरीचा, लवकर लग्नाचा, हाती बंदूक देणाऱ्यांचा हक्क सुरू होतो. सिएरा लिओनमध्ये इबोलाच्या साथीत शाळा जवळपास नऊ महिने बंद होत्या आणि एप्रिल २०१५मध्ये उघडल्या. त्या काळात कितीतरी किशोरवयीन मुलींना दिवस गेले. शाळा उघडल्यावर सरकारने गरोदर दिसणाऱ्या मुलींना वर्गात बसायलाच बंदी केली. ती बंदी उठायला मार्च २०२० उजाडलं. शाळा थांबते तेव्हा त्याची किंमत कोण मोजतं, याचं याहून स्पष्ट उदाहरण मला माहीत नाही. म्हणून माझं पहिल्या प्रश्नाचं उत्तर: अन्न, पाणी आणि शाळा हे एकामागून एक करायचं काम नाही. तिन्ही एकाच आठवड्यात सुरू व्हायला हवं, आणि ते जमतं.

आता दर्जाबद्दल. इथे मला जास्त बोलायचं आहे, कारण आमच्याच क्षेत्रात इथे सर्वात जास्त फसवणूक होते, तीही स्वतःची. ‘एज्युकेशन कॅनॉट वेट’ या जागतिक निधीच्या २०२५च्या अंदाजानुसार संकटांमुळे शिक्षणासाठी मदतीची गरज असलेली शालेय वयाची मुलं २३ कोटी ४० लाख आहेत. त्यांतली साडेआठ कोटी शाळेबाहेर आहेत. सगळ्यांचं लक्ष या साडेआठ कोटींकडे जातं आणि जायलाच हवं. पण उरलेल्यांचं काय? त्यांतली बरीचशी कुठल्या ना कुठल्या वर्गात बसलेली आहेत. ती शिकतायत का, हे फार थोडे जण विचारतात.

पाकिस्तानातल्या ऑक्टोबर २००५च्या भूकंपाचं उदाहरण मी प्रत्येक नव्या सहकाऱ्याला सांगते. चार वर्षांनी अभ्यासक त्या भागात गेले. भूकंपरेषेजवळची घरं पुन्हा उभी राहिली होती, मोठ्या माणसांची तब्येत आणि घरची स्थिती सावरली होती. मदत पोचली होती, पुष्कळ पोचली होती. शाळा सरासरी चौदा आठवडे बंद राहिल्या होत्या, म्हणजे साडेतीन महिने. तरीही भूकंपाच्या वेळी तीन ते अकरा वर्षांची असलेली मुलं दूरच्या गावांतल्या मुलांपेक्षा किमान दीड वर्षाच्या अभ्यासाइतकी मागे होती. साडेतीन महिन्यांच्या सुट्टीतून दीड वर्षाचं नुकसान कसं होतं? सर्वात पटणारं कारण असं की शाळा उघडल्यावर शिक्षकांनी इयत्तेचा अभ्यासक्रम जिथे असायला हवा होता तिथून सुरू केला. ज्या मुलाचा मधला भाग राहिला होता त्याला पुढचं कळेना, आणि दर वर्षी अंतर वाढत गेलं. ज्या मुलांच्या आया निदान प्राथमिक शाळा शिकलेल्या होत्या, त्यांच्यात ही घसरण दिसली नाही. घरी कोणीतरी बसून मागचं भरून काढत होतं.

या अभ्यासाने माझी कामाची पद्धत बदलली. तोवर मी शाळा उघडण्यासाठी धावायचे. खरं नुकसान त्यानंतर, वर्ग भरत असताना, कोणाच्या नजरेत न येता होत राहतं. दर्जा म्हणजे मला आज एवढंच म्हणायचं असतं: मूल जिथे आहे तिथून शिकवणं सुरू होतंय का?

एक मुलगी सांगते. छावणीतला वर्ग होता, ती अकरा वर्षांची असेल, पटावर चौथीत. बाई म्हणाल्या, ‘ही फार हुशार आहे, सगळे धडे वाचता येतात.’ मी पुस्तक पुढे केलं. तिने पहिल्या ओळीखाली बोट ठेवलं आणि अख्खा धडा एकही चूक न करता म्हणून दाखवला. मग मी खालच्या एका ओळीतल्या मधल्याच शब्दावर बोट ठेवून विचारलं, हा कोणता? ती गप्प झाली. थोड्या वेळाने तिने आपलं बोट परत पहिल्या ओळीच्या सुरुवातीला नेलं आणि हळू आवाजात म्हणत म्हणत, एकेक शब्द मोजत, त्या शब्दापर्यंत आली. मग मान वर करून तो शब्द सांगितला. बरोबर सांगितला. तिला अक्षरंच येत नव्हती. वर्गात एक पुस्तक चौघांत होतं, ते घरी नेता येत नव्हतं, म्हणून तिने सगळं पाठ करून टाकलं होतं. इतके कष्ट घेणारं मूल चौथीत बसून निरक्षर होतं आणि बाईंना त्याचा पत्ता नव्हता. बाईंचा दोष नव्हता. समोर सत्तर मुलं होती आणि प्रत्येकाकडून वेगळं वाचून घ्यायला कोणी कधी सांगितलंच नव्हतं.

त्या वर्गात आम्ही पुढच्या आठवड्यात प्रत्येक मुलाला पाच मिनिटं दिली. एक कागद, त्यावर अक्षरं, साधे शब्द, चार ओळींचा परिच्छेद, एक छोटी गोष्ट. मूल कुठपर्यंत जातं तेवढं टिपायचं. भारतात ‘प्रथम’ संस्थेने ‘असर’ या मुलांचं वाचन तपासणाऱ्या पाहणीसाठी वापरात आणलेला हा प्रकार आता अनेक देशांत पसरला आहे. सकाळचे दीड-दोन तास इयत्ता बाजूला ठेवून मुलांचे स्तराप्रमाणे गट केले: अक्षरवाले एकीकडे, शब्दवाले दुसरीकडे. ती मुलगी आठ वर्षांच्या मुलांबरोबर बसली. पहिले दोन दिवस रुसली होती. दोन-अडीच महिन्यांनी मी परत गेले तेव्हा तिने मला कधी न पाहिलेला परिच्छेद वाचून दाखवला, अडखळत, दोन शब्द चुकवून. त्या दोन चुकांनी मला इतका आनंद झाला की विचारू नका. चूक व्हायला आधी वाचावं लागतं.

मोठ्या मुलांसाठी, ज्यांची तीन-चार वर्षं वाया गेली, त्यांच्यासाठी वेगवान अभ्यासक्रम असतो. दोन इयत्तांचा गाभा एका वर्षात, नको असलेलं वगळून. चौदा वर्षांच्या मुलाला सहा वर्षांच्यांसोबत पहिलीत बसवलं की तो आठवड्यात पळतो. हे टाळा.

हे सगळं करतो शिक्षक, आणि मदतीच्या आराखड्यात सर्वात कमी विचार त्याचाच झालेला असतो. तो स्वतः विस्थापित असतो, त्याचंही घर पडलेलं असतं, कोणी गेलेलं असतं. बऱ्याचदा तो आधी शिक्षक नसतोच. बारावीपर्यंत शिकलेला तरुण, छावणीतला शिकलेला माणूस म्हणून उभा केलेला. अनेक यजमान, म्हणजे आसरा देणाऱ्या, देशांत निर्वासित शिक्षकाला रीतसर पगार देता येत नाही, ‘प्रोत्साहन भत्ता’ देतात. तोही वेळेवर येत नाही. माझ्या एका प्रकल्पात आम्ही शिक्षकांचं पाच दिवसांचं मोठं प्रशिक्षण घेतलं, साहित्य छापलं, पाहुणे बोलावले. त्याच वेळी मानधन तीन महिने थकलं होतं, कारण निधीच्या कागदपत्रांत त्याचा हप्ता अडकला होता. चौथ्या महिन्यात निम्मे शिक्षक बांधकामावर मजुरीला लागले. प्रशिक्षण घेतलेले, छापील पुस्तिका घरी असलेले शिक्षक. ती चूक आमची होती. त्या दिवसापासून कुठलाही आराखडा हातात आला की मी पहिलं पान मानधनाचं उघडते: किती, कोण देणार, किती महिने, आणि पैसे अडकले तर कुठून. शेजारच्या संस्थेचा दरही विचारते. एका छावणीत तीन संस्था तीन दर देतात तेव्हा शिक्षक इकडून तिकडे जातात आणि मुलांसमोरचे चेहरे दर दोन महिन्यांनी बदलतात. सगळ्यांनी बसून एकच दर ठरवणं हे कंटाळवाणं काम आहे, पण दहा कार्यशाळांपेक्षा जास्त उपयोगाचं.

प्रशिक्षण लागतंच, पण थोडं थोडं आणि वर्गाजवळ. महिन्यातून दोनदा कोणीतरी जाणत्याने मागे बसून तास पाहावा आणि नंतर एकच गोष्ट सुचवावी. एकच.

मुलांच्या मनाबद्दल तुम्ही वेगळं विचारलं नाहीत, तरी सांगते, कारण चांगल्या हेतूने इथे फार इजा होते. भेटीला येणारे पाहुणे मुलांना ‘तुझ्याबरोबर काय झालं ते काढून दाखव’ म्हणतात. मग बॉम्बची, वाहून गेलेल्या घराची चित्रं भिंतीवर लागतात, फोटो निघतात. हे होऊ देऊ नका. मुलाने आपणहून काढलं, सांगितलं, तर ऐकून घ्यायचं. ओढून काढायचं नाही. बहुतेक मुलांना सावरायला लागतं ते साधं असतं: रोज तीच वेळ, तोच माणूस, तोच क्रम. सकाळी नाव घेऊन हजेरी. तास कधी संपणार हे आधी सांगणं. विमानाचा आवाज आला की मुलं टेबलाखाली जातात, तर त्यांना ओरडून वर बसवायचं नाही. काही मुलं दाराजवळच बसतात, बसू द्या. थोडी मुलं अशी असतात की महिने गेले तरी बोलत नाहीत, झोपत नाहीत, स्वतःला इजा करतात. त्यांना तज्ज्ञाकडे न्यावं लागतं, आणि असा तज्ज्ञ कुठे आहे हे वर्ग सुरू होण्याआधी शोधून ठेवा. शिक्षकावर ते ओझं टाकू नका.

भाषा आणि कागद हे दोन प्रश्न सुरुवातीला किरकोळ वाटतात आणि पाच वर्षांनी मुलाचा रस्ता अडवतात. लेबनॉनने सीरियातल्या मुलांसाठी सरकारी शाळांत दुपारची दुसरी पाळी सुरू केली. फार मोठं पाऊल होतं ते. पण तिथे गणित आणि विज्ञान फ्रेंच किंवा इंग्रजीतून शिकवतात आणि ही मुलं सगळं अरबीतून शिकून आलेली. सहावीत गणितात पुढे असलेला मुलगा तिथे ‘कच्चा’ ठरत होता, कारण प्रश्नच वाचता येत नव्हता. तुर्कस्तानात आधी अरबीतून चालणारी तात्पुरती केंद्रं होती, मग २०१६पासून मुलांना टप्प्याटप्प्याने सरकारी शाळांत नेलं गेलं. बांगलादेशात कॉक्स बाजारला २०१७मध्ये म्यानमारमधून पळालेले सात लाखांहून अधिक रोहिंग्या आले. पहिली काही वर्षं बांबूच्या केंद्रांत कुठल्याही देशाची मान्यता नसलेला अभ्यासक्रम चालला, आणि २०२१च्या अखेरीस म्यानमारचा अभ्यासक्रम सुरू झाला. परत जायचं आहे की इथेच राहायचं, याचं उत्तर कोणाकडेच नसतं, पण अभ्यासक्रम निवडताना नकळत तेच उत्तर दिलं जातं. म्हणून तो निर्णय पालकांना बाजूला ठेवून घेऊ नका. मातृभाषेत वाचायला शिकवा, यजमान देशाची भाषा पहिल्या वर्षापासून विषय म्हणून आणा. माझा अनुभव याच बाजूचा आहे.

कागदाचं सोपं आहे, फक्त शिस्त लागते. प्रत्येक मुलाची नोंद ठेवा: नाव, वय, कधीपासून आला, कुठल्या स्तरावर आहे, काय पूर्ण केलं. दोन भाषांत, शिक्का मारून, एक प्रत पालकांना. घर सोडून पळताना प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून आणलेले शाळेचे दाखले मी पाहिले आहेत. दागिने मागे राहिले आणि गुणपत्रिका आली. ज्यांची आली नाही त्यांना प्रवेश नाकारला जातो तेव्हा शाळेकडे चाचणी घेऊन वर्ग ठरवण्याची मागणी करा. हक्काचा आधार आहे: १९५१च्या निर्वासित कराराचं २२वं कलम प्राथमिक शिक्षणात निर्वासितांना नागरिकांसारखीच वागणूक द्यायला सांगतं, आणि १९८९च्या बालहक्क कराराचं २८वं कलम मूल कुठल्या देशाचं हे विचारत नाही.

मुलींसाठी सर्वात मोठी गोष्ट अंतर. अफगाणिस्तानात घोर प्रांतात २००७मध्ये काही गावांत गावातच छोटी शाळा दिली आणि काही गावांना नंतर दिली, त्यांची तुलना झाली. शाळा गावात आली तिथे पटनोंदणी शंभर मुलांमागे ४२ने वाढली, आणि मुलामुलींमधली दरी जवळजवळ मिटली. शाळा एक मैल लांब गेली की नोंदणी शंभर मुलांमागे साधारण १६ने उतरत होती. मोठी इमारत, बस, जनजागृती, काही नाही, फक्त शाळा जवळ. त्याच देशात २०२१पासून सहावीनंतर मुलींच्या शाळेला बंदी आहे, हे लिहिताना हात जड होतो. बाकी दोन गोष्टी कोणालाही ठाऊक असतात तरी राहून जातात: दाराला कडी असलेलं मुलींचं वेगळं स्वच्छतागृह, आणि निदान एक शिक्षिका.

सुरक्षिततेचं थोडक्यात. मे २०१५मध्ये ऑस्लोत ‘सुरक्षित शाळा जाहीरनामा’ देशांच्या मान्यतेसाठी खुला झाला. शंभराहून अधिक देशांनी मान्य केलेल्या या जाहीरनाम्याचा गाभा हा की शाळा लष्करी कामासाठी वापरू नका. तुमच्या भागातल्या शाळेत सैनिक राहतायत का, हे पहिल्याच दिवशी विचारा. आपत्तीत शाळा निवाऱ्यासाठी देतात, ते समजण्यासारखं आहे, पण रिकामी कधी करणार याची तारीख त्याच दिवशी लिहून घ्या. नाहीतर वर्ष जातं. युक्रेनमध्ये खार्किव शहरात सप्टेंबर २०२३पासून भुयारी रेल्वेच्या स्थानकांत वर्ग भरले. जागा सुरक्षित असेल तिथे शाळा नेता येते.

वस्तूंबद्दल. युनिसेफची ‘शाळेची पेटी’ तुम्ही पाहाल: चाळीस मुलांपुरत्या वह्या, पेन्सिली, लाकडी घड्याळ, मोजायचे ठोकळे. पेटीचं झाकण काळ्या रंगाने रंगवलं की तोच फळा. १९९०च्या दशकात रवांडाच्या संकटात वापरली गेलेली ही कल्पना अजून टिकून आहे कारण पहिल्या आठवड्यात ती कामाला येते. पण ती पहिल्या आठवड्यांसाठीच आहे. टॅब्लेट देणारे भेटतील. वीज, दुरुस्ती आणि शिकवणारा माणूस या तिन्हींची सोय विचारा, उत्तर नसेल तर नम्रपणे नाही म्हणा आणि तेवढ्या पैशांची गोष्टींची पुस्तकं मागा. रेडिओला मात्र कमी लेखू नका. इबोलाच्या काळात सिएरा लिओनमध्ये धडे रेडिओवरूनच पोचले.

आजूबाजूच्या गावांतली मुलंही गरीब असतात. फक्त छावणीतल्या मुलांना दप्तरं वाटलीत तर दोन महिन्यांत भांडणं होतील. युगांडाने २०१८मध्ये केलेल्या शिक्षण आराखड्यात निर्वासित आणि यजमान दोन्ही मुलं एकत्र धरली. तसंच करा.

कुठून सुरुवात, हे विचारलंत. आपत्कालीन शिक्षणाचे किमान निकष २००४पासून छापील आहेत, ‘आयएनईई’ या आपत्कालीन शिक्षणाच्या आंतरसंस्था जाळ्याने काढलेले, मोफत मिळतात. निघण्याआधी वाचा. पोचल्यावर मात्र पहिला आठवडा काही सुरू करू नका. वही घ्या आणि छावणीत ओळीने चाला. आधीपासून मुलांना जमवून कोणी शिकवतंय का बघा. जवळजवळ नेहमी कोणीतरी असतं, एखादी आई, एखादा वयस्कर शिक्षक, झाडाखाली, फळ्याशिवाय. तोच तुमचा पहिला शिक्षक. त्याला बाजूला सारून नवा तंबू ठोकू नका, त्याच्या झाडावर ताडपत्री बांधा. मग तंबूनिहाय मुलांची यादी करा आणि सकाळी त्या झाडाखाली किती आली ते यादीशी ताडून बघा. न आलेल्यांची नावं वेगळ्या पानावर लिहा, दुपारी त्या पानावरच्या पहिल्या तंबूत जा, आणि आत बसून विचारा की मूल आत्ता कुठे आहे.